गड येतो, सिंह जातो

महाभारतात अर्जुनाचा शेवटचा पराभव कुरुक्षेत्रावर होत नाही. तो होतो पंचनदाच्या वाटेवर, लाठ्या घेतलेल्या आभीर लुटारूंकडून. यादव आपसांत लढून संपले आहेत, कृष्ण गेला आहे, द्वारका पाण्याखाली चालली आहे आणि उरलेल्या बायकापोरांना घेऊन अर्जुन निघाला आहे. लुटारू आडवे येतात. गांडीवाला दोरी चढवतानाच त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, कधी न संपणारे बाण संपतात. मग तो धनुष्याच्या टोकानंच मारत राहतो, आणि डोळ्यांदेखत बायका पळवल्या जातात. काही तर आपणहून जातात. व्यासांनी तेही लिहायचं सोडलेलं नाही. युद्ध जिंकून तेव्हा ३६ वर्षं झालेली असतात.

हा प्रसंग मौसलपर्वातला. त्यानंतर महाप्रस्थानिक आणि स्वर्गारोहण ही दोन छोटी पर्वं, आणि ग्रंथ संपतो. आपल्या घरांतून महाभारत सगळ्यांना येतं, पण ही तीन पर्वं किती जणांच्या कानावर पडलेली असतात? बी. आर. चोप्रांच्या मालिकेचे ९४ भाग २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात अख्ख्या देशानं पाहिले, आणि ती भीष्मांच्या देहत्यागापाशी थांबली. महाभारताची पोथी घरात ठेवली की भांडणं होतात, असं मानणारी माणसं आजही भेटतात. म्हणजे शेवट कसाही असला तरी आपण तो उंबऱ्याबाहेरच ठेवत आलो.

आता अशा उदास शेवटाचा प्रश्न नव्या पिढीसमोर इंग्रजी महाकादंबऱ्यांच्या वाटेनं आला आहे. चेन्नईच्या दक्षिणेला सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये पुण्या-नागपूर-कोल्हापूरकडची पोरं मोठ्या संख्येनं आहेत. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये रोज बराच वेळ जातो, आणि त्या वेळात मोबाइलवर टॉल्किन, मार्टिन, सँडरसन वाचले जातात. हजार-हजार पानांचे खंड. संपले की बहुतेकांची तक्रार एकच असते: जिंकले, पण मग इतकं वाईट का वाटतंय?

या वाईट वाटण्याच्या मुळाशी दोन वेगवेगळी दुःखं असतात, आणि चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. एक कथेतलं दुःख: कुणी मेलं, कुणी दुरावलं. दुसरं कथा संपल्याचं: चार महिने ज्या गावात राहिलो ते गाव सुटल्याचं. दुसरं दुःख कुठल्याही जाडजूड पुस्तकाच्या शेवटी होतं, अगदी लग्नाच्या मांडवात संपणाऱ्या पुस्तकाच्याही. त्याचं श्रेय लेखकाच्या कौशल्याला देण्याचं कारण नाही. कसोटी लागते ती पहिल्याला.

कडू-गोड शेवट म्हणजे काय, हे आपल्याला तानाजीनं शिकवलेलं आहे. १६७० साली कोंढाणा घेतला आणि सुभेदार पडले. एका हाती विजय आणि दुसऱ्या हाती मृत्यू, एवढ्यानं ती गोष्ट साडेतीनशे वर्षं टिकली नसती. ती टिकली, कारण ज्या कृतीनं गड आला त्याच कृतीनं सिंह गेला. तानाजी परतताना घाटात दरड कोसळून गेला असता, तर हळहळ वाटली असती आणि म्हण झाली नसती. किंमत आणि कमाई एकाच व्यवहारातली हवी. माझ्या मते हा पहिला निकष. दुसरा असा, की किंमत चुकती झाल्यावर लेखकानं लगेच पडदा पाडू नये. उरलेल्यांचं पुढचं जगणं दिसेपर्यंत त्यानं थांबावं. फसलेले बहुतेक शेवट या दोनपैकी एका ठिकाणी फसतात.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत धारदार विचार नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं केला. ध्वन्यालोकाच्या शेवटच्या उद्योतात तो विचारतो, महाभारताचा मुख्य रस कोणता? वीर म्हणावं तर इतकी युद्धं आहेतच. पण वृष्णींचा आणि पांडवांचा जो उदास शेवट व्यासांनी केला, त्यावरून तो ठरवतो की या ग्रंथाचा अंगी रस शांत आहे. शेवटावरून सबंध ग्रंथ मागे वळून वाचायचा, ही त्याची पद्धत. म्हणजे मौसलपर्व ही पुरवणी राहत नाही, ती किल्ली होते.

पण हे झालं शास्त्रात. रंगभूमीवर गाडी उलट्या दिशेनं गेली. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीनं आठव्या शतकात उत्तररामचरित लिहिलं. करुणरसात त्याच्या पासंगाला कुणी लागत नाही. सीतात्यागानंतरचा राम दंडकारण्यातल्या ओळखीच्या जागा पाहून कोसळतो, तो तिसरा अंक वाचावा. आणि हाच भवभूती सातव्या अंकात नाटकात नाटक रचून सीतेला परत आणतो, राम-सीतेचं मीलन घडवतो. वाल्मीकींची सीता भूमीत जाते. भवभूतीची घरी जाते. नाट्यपरंपरेला मंगल शेवट हवा होता हे खरं, तरी हा करुणेचा कवी ऐनवेळी कचरला असं मला वाटतं. आपल्या व्रतांच्या कहाण्याही अशाच सुफळ संपूर्ण होतात.

गदिमांनी मात्र यातून एक वेगळी वाट काढली, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला प्रसारित झालं, गीतं ५६. सुरुवात कशी आहे पाहा: कुश आणि लव रामासमोर रामकथा गायला उभे राहतात. राम ऐकतो आहे, आणि गाणारी मुलं त्याचीच आहेत हे त्याला ठाऊक नाही. श्रोत्याला आहे. ती मुलं आश्रमात का वाढली हेही श्रोत्याला आहे. म्हणजे स्वयंवर, सेतू, राज्याभिषेक, सगळं काही आपण टाकून दिलेल्या बाईच्या मुलांच्या तोंडून ऐकत असतो. शेवटाकडे सीता लक्ष्मणाला विचारते की आता जाऊ कुठे, आणि अखेरच्या गीतात वाल्मीकी मुलांना गायला पाठवतात. सीता भूमीत जाते तो प्रसंग गदिमांनी घेतलाच नाही. घ्यायची गरज उरली नव्हती. कडू त्यांनी पहिल्याच गीतात कालवून ठेवलं होतं. लाखो घरांनी ते भक्तीनं ऐकलं आणि कुणाची तक्रार आली नाही. बाबूजींच्या चाली गोड आहेत, हेही त्यामागचं एक कारण असेल.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं. दोन्ही पुस्तकं शेवटाच्या वजनावर उभी आहेत. सावंतांच्या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण अशा सगळ्यांची निवेदनं होतात आणि शेवटचा शब्द कृष्णाला मिळतो. ज्यानं कर्णाला मारवलं, त्याच्याच तोंडून कर्णाचा गौरव. परिणाम जबरदस्त होतो, पण तो मला थोडा सोयीचा वाटतो. कृष्णानंच पदक दिल्यावर वाचक रडून मोकळा होतो.

कर्वे बाई तसं मोकळं होऊ देत नाहीत. महाप्रस्थानात द्रौपदी सर्वांत आधी पडते. भीम विचारतो, का पडली? धर्मराज मागे न वळता सांगतो की तिचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं, आणि चालत राहतो. ग्रंथात एवढंच आहे. बाईंनी पुढचा क्षण कल्पनेनं रचला, त्याला ‘नरोटी’ असं नाव देऊन ही माझी भर आहे हेही सांगून टाकलं: द्रौपदी अजून मेलेली नाही, भीम तिच्यापाशी परत येतो, आता तुझ्यासाठी काय करू म्हणून विचारतो, आणि ती त्याला पुढच्या जन्मी थोरला हो म्हणून सांगते. आयुष्यभर मागितलं ते अर्जुनाकडे, आणि आयुष्यभर दिलं ते भीमानं, हे तिला उताणं पडल्यावर कळतं. कडू-गोड शेवटाचा मराठीतला हा सर्वोत्तम नमुना आहे, आणि तो कादंबरीत नाही, लेखात आहे.

सिरुसेरीहून त्याच रस्त्यानं दक्षिणेला गेलं की मामल्लपुरम. तिथले पाच रथ सातव्या शतकातल्या पल्लवांचे, एकसंध दगडातून कोरलेले आणि अपुरे राहिलेले. पांडवांची नावं त्यांना मागाहून लोकांनी दिली. उत्तरेकडून चालत गेलं की रांगेत आधी द्रौपदी, मग अर्जुन, मग भीम आणि टोकाला धर्मराज. नकुल-सहदेवांचा रथ बाजूला. त्या जुळ्यांना वगळलं तर हाच महाप्रस्थानात पडण्याचा क्रम आहे; धर्मराज तेवढा पडत नाही. नावं देणाऱ्यांच्या हे मनात होतं असं म्हणायला आधार नाही. पण महाप्रस्थानिक पर्व वाचलेल्या माणसाला तिथं सहल म्हणून फिरता येत नाही.

याच मामल्लपुरमच्या राजावर तमिळ कादंबरीकार कल्कींनी ‘शिवकामियिन शपथम्’ लिहिली. मूर्तिकाराची नर्तकी मुलगी शिवकामी आणि पल्लव युवराज नरसिंहवर्मा एकमेकांवर जीव टाकतात. चालुक्यांचा पुलकेशी तिला वातापीला पळवून नेतो. ती शपथ घेते: तू ही नगरी जाळशील तेव्हाच मी इथून बाहेर पडेन. वर्षं जातात. ६४२च्या सुमारास वातापी खरोखरच पडते. पण तोवर राज्यासाठी पांड्य राजकन्येशी नरसिंहवर्म्याचं लग्न झालेलं असतं. शिवकामी कांचीच्या एकाम्रेश्वराला वरते आणि त्याच्यासमोर नाचत राहते. शपथ पुरी करायला राज्य बळकट हवं होतं, राज्य बळकट करायला ते लग्न हवं होतं. म्हणजे शपथेनंच तिचा नवरा नेला. पहिल्या निकषावर ही कादंबरी शंभर नंबरी उतरते. मराठी वाचकाला आणखी एक घास कडू लागतो. ऐहोळेच्या ६३४च्या शिलालेखात ज्याला ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटलंय तो पुलकेशी आपला राजा, आणि इथं तो खलनायक.

कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ १९५० ते १९५४ अशी साप्ताहिकातून चालली. पाच भाग, पाचव्याचं नावच त्यागाचं शिखर. नायक अरुळमोळी हाताशी आलेला मुकुट चुलत्याला देऊन टाकतो. तमिळ वाचकाला ठाऊक असतं की हाच पुढे ९८५ मध्ये राजराज चोळ म्हणून गादीवर बसणार आहे. त्यामुळे हा त्याग म्हणजे उधारीवर दिलेलं दुःख. तरीही शेवट घाईत उरकल्याची तक्रार वाचकांनी केली आणि कल्कींना स्वतंत्र समारोप लिहून कुणाचं पुढे काय झालं ते सांगावं लागलं. २०२२-२३ मध्ये मणिरत्नमचे दोन चित्रपट आले तेव्हा आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. आजीच्या तोंडून पाचही भाग ऐकून वाढलेली टीममधली एक मुलगी मला म्हणाली, “अक्का, राजानं मुकुट सोडला ते कळतं. त्याला परत मिळणारच होता. पण मणिमेकलैनं काय केलं होतं?” मणिमेकलै म्हणजे कडंबूरची सरदारकन्या. जो तिच्यावर प्रेम करत नाही त्या वंदियदेवनला वाचवायला ती खुनाचा आळ स्वतःवर घेऊ पाहते, भ्रमिष्ट होते आणि शेवटच्या प्रकरणात त्याच्या मांडीवर मरते. चित्रपटात ती नाहीच. त्या प्रश्नाकडे मला पुन्हा यायचं आहे.

तमिळमध्ये हे काम थांबलेलं नाही. जेयमोहन यांनी २०१४ ते २०२० या काळात ‘वेण्मुरसु’ नावानं महाभारत २६ कादंबऱ्यांत नव्यानं सांगितलं आणि ते थेट शेवटापर्यंत नेलं. मराठीत ययाती, कर्ण, द्रौपदी अशा एकेका पात्राच्या कादंबऱ्या उदंड झाल्या. सगळा पसारा पेलणारी एकही नाही. खांडेकर ‘ययाति’च्या अखेरीस सगळ्यांना शहाणपण देऊन वनात पाठवतात, ते मला आज उपदेशासारखं वाटतं.

टॉल्किनकडे येऊ. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये आली. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणली आहे. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता. १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात त्यानं मांडलं की परीकथेचा प्राण म्हणजे सगळं बुडालं असं वाटत असताना अचानक लाभणारी सुटका. पण त्याच्या कादंबरीत ही सुटका मिळाल्यावर शंभरेक पानं उरतात, आणि खरं काम ती पानं करतात. ऐन क्षणी फ्रोडो हरतो. अंगठी फेकायला नकार देतो. गॉलम त्याचं बोट तोडतो आणि अंगठीसकट कड्यावरून पडतो म्हणून जग वाचतं. घरी यावं तर गावाची वाट लागलेली. ते सावरलं तरी मान मिळतो तो बरोबरच्यांना; फ्रोडोला त्याच्याच गावात फारसं कुणी विचारत नाही. दरवर्षी ६ ऑक्टोबरला, जखम झाली त्या तारखेला, तो आजारी पडतो आणि ते लपवतो. शेवटी जहाजानं निघून जातो, आणि सॅम घरी येऊन पोरीला मांडीवर घेऊन बसतो. सॅमच्या पुढच्या संसाराचं आणखी एक प्रकरण टॉल्किननं लिहून ठेवलं होतं. ते त्यानं गाळलं, आणि छापून आलं १९९२ मध्ये. गाळलं ते बरं केलं. २००३च्या चित्रपटानं गावाच्या नासाडीचा भागच काढून टाकला, अकरा ऑस्कर मिळवली, आणि वर लोक म्हणाले की शेवट फार लांबला. साहजिक आहे. किंमत कापली की निरोप नुसते लांबलेले दिसतात.

नंतरच्यांपैकी अर्सुला ले ग्विननं हा प्रश्न सर्वांत धीरानं हाताळला. तिचा जादूगार गेड १९७२च्या भागात जग सावरतो आणि सगळी विद्या गमावून बसतो. तिथं थांबली असती तर झकास शेवट होता. पण १९९० मध्ये ती ‘टेहानू’ घेऊन परत आली आणि विद्या गेलेल्या माणसानं शेळ्या राखत, लाज गिळत कसं जगायचं ते दाखवलं. पुष्कळ वाचकांना ते रुचलं नाही. फिलिप पुलमनची लायरा आणि विल २००० साली आपापल्या जगांत कायमची वेगळी झाली. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातला त्यांचा बाक पाहायला वाचक आजही जातात.

आणि फसलेला शेवट म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ची मालिका. जॉर्ज मार्टिननं आपल्याला कडू-गोड शेवट हवा आहे आणि टॉल्किनच्या त्या गावाच्या प्रकरणाचं मोल आपण जाणतो, असं वेळोवेळी सांगितलं आहे. त्याचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि पुढचा अजून नाही. मालिकेनं २०१९ मध्ये त्याच्याशिवाय शेवट केला. शेवटचं पर्व पुन्हा करा म्हणून १५ लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. दुःख जास्त झालं अशी तक्रार नव्हती. घाई झाली अशी होती. नायिका नगर जाळते, तिला मारलं जातं, पण तिथवर पोचायच्या पायऱ्याच दिसत नाहीत. घाटातली दरडच ती.

मानसशास्त्रज्ञांनीही या कडू-गोड भावनेकडे पाहिलं आहे. माणसाला एकाच वेळी आनंद आणि दुःख होऊ शकतं का, यावर लार्सन, मॅकग्रॉ आणि कॅसिओपो यांचा २००१चा अभ्यास प्रसिद्ध आहे. छळछावणीतल्या बापलेकांचा एक इटालियन चित्रपट पाहिल्यावर, वसतिगृह सोडताना आणि पदवीदानाच्या दिवशी, एरवीपेक्षा खूप जास्त जणांनी दोन्ही एकदम होतं असं सांगितलं. २००८च्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की ‘हे आता संपतंय’ याची जाणीव दिली की ही मिश्र भावना वाढते. काम उपयोगी आहे, पण त्याची मर्यादाही उघड आहे. चित्रपट दोन तासांचा, पदवीदान एका दिवसाचं. दीड हजार पानं एखाद्या पात्राबरोबर चालल्यावर काय होतं, ते अशा मोजपट्टीत येत नाही.

मायकेल मूरकॉकनं १९७८ मध्ये टॉल्किनवर जो हल्ला केला त्यात तथ्य आहे. त्याचं म्हणणं, हे सगळं जोजवणारं, मध्यमवर्गाला दिलासा देणारं लेखन आहे. मरणाला ते खरं सामोरं जात नाही. फ्रोडोपुरतं मला हे पटत नाही. मात्र एका जागी घाव बरोबर बसतो. कडू-गोड शेवटातलं गोड कुणाच्या वाट्याला जातं आणि कडू कुणाच्या? टीममधल्या त्या मुलीचा प्रश्न हाच होता. राजा त्याग करतो आणि थोर होतो. मणिमेकलै नुसती खर्ची पडते. गॉलमशिवाय जग वाचलं नसतं आणि त्याच्यासाठी कुणी गीत रचत नाही. लाक्षागृहात पांडव निसटले, कारण एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे त्यांच्या जागी जळाले. पुढे विजय झाला, राज्य आलं, विरक्ती आली, स्वर्ग आला. ती बाई पुन्हा कुठल्याही हिशेबात आली नाही. महाश्वेतादेवींनी ‘कुंती ओ निषादी’ या कथेत वनात आलेल्या म्हाताऱ्या कुंतीसमोर एका निषादीला उभं केलं, आणि तिनं सगळ्या पापांची उजळणी करणाऱ्या कुंतीला नेमकं हेच पाप आठवत नाही, हे दाखवून दिलं. ‘युगान्त’मध्ये मयसभेवर लिहिताना कर्वे बाई खांडववन जाळल्याचं असंच उकरून काढतात.

म्हणून रामानंद सागरांच्या ‘रामायणा’चं प्रकरण मला या सगळ्या चर्चेत महत्त्वाचं वाटतं. मालिका ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकानंतर संपली. सगळं गोड. ऑगस्टमध्ये जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला आणि तो उत्तरेतल्या आणखी शहरांत पसरला. मागणी होती, उत्तरकांड दाखवा. देशभर लोक ज्या शेवटाकडे पाठ फिरवत होते, तोच शेवट हे लोक मागत होते. कारण वाल्मीकींना ते आपला पूर्वज मानतात, आणि वाल्मीकी कथेत पात्र म्हणून ठळकपणे येतात ते तिथंच: टाकलेल्या सीतेला आसरा देतात, मुलांना शिकवतात, रामासमोर सीतेची ग्वाही देतात. राज्याभिषेकापाशी थांबलेल्या रामायणात त्यांच्या वाट्याला काहीच येत नव्हतं. शहरांत कचरा साचला आणि सरकार नमलं. त्याच वर्षी ‘उत्तर रामायण’ सुरू झालं, आणि सीता दूरदर्शनवर भूमीत गेली.